सूर्यावरचे काळे आकार कसे ओळखायचे: एक वही, एक वाटी आणि सत्तावीस दिवस

वहीच्या पानावर एक मोठी वाटी उपडी ठेवा आणि तिच्या कडेनं पेन्सिल फिरवा. हा झाला आजचा सूर्य. उद्या याच्या शेजारी दुसरा, परवा तिसरा. सत्तावीस-अठ्ठावीस वर्तुळं भरली की सूर्याची एक अख्खी फेरी तुमच्या हाताखालून गेलेली असते. बाकी सामान म्हणाल तर इंटरनेट असलेला फोन आणि एक तांबडी पेन्सिल.

सूर्याच्या चित्रांत दिसणाऱ्या या मोठ्या काळ्या आकारांना करोनल होल म्हणतात. हा शब्द बहुतेकांच्या कानावर येतो तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एखाद्या चित्रामुळे. ‘सूर्याला भगदाड पडलं’, ‘सूर्य हसला’, ‘सूर्यावर फुलपाखरू’. चित्र पाहिलं, पुढं पाठवलं, विषय संपला. जाणकार मंडळी वर म्हणतात की आकार हा नुसता मनाचा खेळ आहे, चंद्रावर ससा दिसतो तसा, त्याकडे लक्ष देऊ नका. मला हे पटत नाही. ससा मनाचा असला तरी डागांची कड खरी असते, आणि सूर्याच्या बाबतीत ती कडच उपयोगाची आहे. आज दिसलेलं होल महिन्याभरानं परत आलं तर ते तेच की दुसरं, हे ओळखायची आपल्याकडची पहिली खूण म्हणजे त्याचा आकार. म्हणून आकार बघा, त्याला नाव द्या, वहीत उतरवा. हा लेख तेवढ्यासाठीच आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. यासाठी सूर्याकडे बघायचं नाही. नुसत्या डोळ्यांनी नाही, गॉगल लावून नाही, एक्स-रेच्या फिल्ममधून तर मुळीच नाही. डोळ्यांना धोका आहेच, शिवाय हाती काही लागतही नाही. ग्रहणाच्या प्रमाणित चष्म्यातून फार तर मोठे सौरडाग दिसतात. करोनल होल उठून दिसतात ती अतिनील किरणांच्या पार टोकाच्या पट्ट्यात आणि क्ष-किरणांत, आणि हे किरण आपलं वातावरण वरच्यावर गिळून टाकतं. त्यामुळे घरच्या दुर्बिणीला कितीही महागडा फिल्टर लावला तरी होल दिसणार नाही. चित्रं अवकाशातूनच यावी लागतात, आणि ती फुकट येतात.

होल म्हणजे खड्डा नव्हे

सूर्याच्या दिसणाऱ्या पृष्ठभागाबाहेर दहा-वीस लाख अंश तापमानाचं विरळ वातावरण पसरलेलं आहे. त्याला मराठीत प्रभामंडळ किंवा किरीट म्हणतात, इंग्रजीत करोना. शब्दाचा मूळ अर्थ मुकुट, विषाणूचं नावही तिथूनच आलं. या प्रभामंडळातला वायू विद्युतभारित असतो, त्यामुळे तो चुंबकीय रेषांना धरूनच हलतो. बहुतेक ठिकाणी या रेषा पृष्ठभागातून वर येतात, कमान करतात आणि पुन्हा खाली उतरतात. अशा कमानीत अडकलेला वायू म्हणजे दावणीला बांधलेली गुरं. ती तिथंच राहतात, दाटी होते, म्हणून तो भाग उजळ दिसतो. काही ठिकाणी मात्र रेषा वर जातात त्या परत येत नाहीत, थेट अवकाशात लांब जातात. तिथं दावं सुटलेलं असतं. वायू वाहून जातो, मागं राहतो तो विरळ आणि तुलनेनं थंड भाग, आणि चित्रात तो काळा दिसतो. तेच करोनल होल. पृष्ठभागाला काही झालेलं नसतं. साध्या प्रकाशात त्या जागी सूर्य नेहमीसारखाच असतो.

वाहून गेलेला तो वायू म्हणजे वेगवान सौरवात. एरवी सौरवाताचा वेग सेकंदाला ३०० ते ४०० किलोमीटर असतो. होलमधून निघालेला ५०० ते ८०० पर्यंत जातो.

पहिली पायरी: योग्य चित्र उघडा

नासाचं सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी, थोडक्यात एसडीओ, हे यान ११ फेब्रुवारी २०१० रोजी सोडलं गेलं. त्यावरचा एआयए हा दुर्बिणींचा संच दर बारा सेकंदांनी ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलची चित्रं घेतो. एसडीओच्या संकेतस्थळावर ‘द सन नाऊ’ नावाचं पान आहे, तिथं ताजी चित्रं ओळीनं मांडलेली असतात. नवखा माणूस इथंच गोंधळतो. हिरवा सूर्य, जांभळा सूर्य, सोनेरी सूर्य, कोणता खरा? रंग सगळे नंतर भरलेले आहेत. ते किरण डोळ्याला दिसतच नाहीत. कोणतं चित्र कोणत्या तरंगलांबीचं हे पटकन कळावं म्हणून प्रत्येकाला एक रंग ठरवून दिला आहे.

तुम्ही १९३ आकडा लिहिलेलं तपकिरी चित्र उघडा. १९३ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) ही तरंगलांबी मुख्यतः अकरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची आहे, आणि लोखंड त्या अवस्थेला पोचतं ते साधारण साडेबारा लाख अंशांवर. होलमध्ये असा वायू फार कमी, म्हणून इथं होल सगळ्यात ठसठशीत दिसतं. पडताळ्यासाठी २११ चं जांभळं चित्र बघा. १७१ चं सोनेरी चित्र फार देखणं असतं, चुंबकीय कमानी त्यात केसासारख्या दिसतात, पण होलची कड शोधायला ते सुरुवातीला नको. हेलिओव्ह्यूअर हे दुसरं संकेतस्थळ जुन्या तारखांची चित्रं बघायला उत्तम आहे. चित्रावरची वेळ जागतिक असते, तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपली.

हात बसवण्यासाठी दोन जुनी चित्रं शेजारी ठेवा. एक २६ ऑक्टोबर २०२२ चं, जे नासानं ‘हसरा सूर्य’ म्हणून लोकांपुढं ठेवलं. दुसरं ८ ऑक्टोबर २०१४ चं, हॅलोविनच्या भोपळ्यासारखं दिसणारं. दोन्हींत डोळे आहेत, दोन्हींत तोंड आहे. पण हसऱ्या सूर्याचे डोळे काळे आहेत, ती करोनल होल. भोपळ्याचे डोळे झगमगतात, ते सक्रिय प्रदेश, म्हणजे गच्च चुंबकीय कमानींच्या जागा. चेहरा दोन्हीकडं सापडतो, अर्थ मात्र नेमका उलटा. त्यामुळे कोणताही आकार दिसला की पहिला प्रश्न स्वतःला विचारा: हा काळ्यानं बनलाय की उजळानं?

दुसरी पायरी: काळं दिसलं ते होलच आहे ना?

नवख्यांच्या सगळ्यात जास्त चुका इथं होतात, म्हणून इथं घाई करू नका.

पहिला फसवा सोबती म्हणजे फिलामेंट. प्रभामंडळात तरंगणारा थंड, दाट वायूचा दोर. तोही १९३ मध्ये काळा दिसतो, पण कारण उलटं: होल काळं दिसतं कारण तिथं वायू कमी आहे, फिलामेंट काळा दिसतो कारण तो दाट आहे आणि मागचा उजेड अडवतो. ओळखायचं कसं? आधी रुंदी बघा. फिलामेंट दोरीसारखा, नागमोडी, अरुंद असतो. होल पसरट आणि फाटक्या कडांचं. शंका राहिली तर त्याच वेळचं हायड्रोजन-अल्फा चित्र, म्हणजे हायड्रोजनच्या तांबड्या प्रकाशात घेतलेलं चित्र काढा. गाँग या जागतिक जाळ्यातल्या सहा वेधशाळांपैकी एक आपल्या उदयपूरला आहे, त्या जाळ्याची चित्रं रोज मिळतात. त्यात फिलामेंट स्पष्ट काळा राहतो आणि होलचा मागमूस नसतो. या कसोटीनं मला आजवर दगा दिलेला नाही.

आणखी एक कसोटी आहे, थोडी पुढची. एसडीओवरचं एचएमआय नावाचं उपकरण पृष्ठभागाचा चुंबकीय नकाशा काढतं: पांढरं म्हणजे क्षेत्र आपल्याकडं येणारं, काळं म्हणजे आपल्यापासून दूर जाणारं. होलच्या जागी एकाच रंगाच्या ठिपक्यांचं प्राबल्य दिसतं. फिलामेंट मात्र दोन रंगांच्या सीमेवर पहुडलेला असतो.

मार्च २०१२ मध्ये सूर्याच्या कडेवर एक काळा गोळा आणि त्याला जोडलेली नळी दिसली, आणि परग्रहवासीयांचं यान इंधन भरतंय असे व्हिडिओ जगभर फिरले. ते होल नव्हतं, यानही नव्हतं. फिलामेंटच्या भोवती बोगद्यासारखी पोकळी असते. ती कडेवर आली की बोगद्याच्या तोंडात बघितल्यासारखी गोल दिसते, आणि नळी म्हणजे खालचा फिलामेंट. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘सूर्याचा तुकडा तुटला’ अशी बातमी आली, तीही उत्तर ध्रुवाजवळच्या अशाच तरंगत्या वायूची.

दुसरा फसवा प्रकार अगदी घरचा आहे. वर्षातून दोनदा, दिवसरात्र समान असतात त्या सुमारास, साधारण तीन आठवडे रोज काही वेळ पृथ्वीच एसडीओ आणि सूर्याच्या मधे येते. जास्तीत जास्त ७२ मिनिटं. अशा वेळी अर्धा सूर्य गायब झालेला दिसतो. कधी चंद्रही आडवा जातो. दोघांतला फरक बघण्यासारखा आहे: चंद्राची कड सुरीनं कापल्यासारखी, पृथ्वीची धूसर, कारण तिला वातावरण आहे. मार्चमध्ये किंवा सप्टेंबरमध्ये चित्र विचित्र दिसलं तर घाबरू नका, दोन तासांनी पुन्हा उघडा.

तिसरी पायरी: वहीत उतरवा आणि नाव द्या

चित्रात उत्तर वर असते. डावी बाजू पूर्व, उजवी पश्चिम. आपल्या नकाशाच्या नेमकं उलट, कारण आपण आकाशाकडं बघतोय. सूर्य डावीकडून उजवीकडं फिरतो. डाव्या कडेवर उगवलेला आकार साधारण सात दिवसांत मधोमध येतो आणि पुढच्या सात दिवसांत उजवीकडं मावळतो.

काढताना कलाकुसर नको. होलची बाहेरची रेघ, मधल्या उभ्या रेषेपासून ते किती डावीउजवीकडं आहे, विषुववृत्ताजवळ की ध्रुवाजवळ, आणि तारीख. वर्तुळ अकरा सेंटिमीटरचं असेल तर एक फार सोयीचं माप मिळतं: सूर्याचा व्यास पृथ्वीच्या सुमारे १०९ पट, म्हणजे तुमच्या वहीतली पृथ्वी जेमतेम एक मिलिमीटरचा ठिपका. तो ठिपका कोपऱ्यात काढून ठेवा. डिसेंबर २०२३ च्या सुरुवातीला एक होल ८ लाख किलोमीटरच्या आसपास पसरलं होतं, त्यात साठ पृथ्व्या ओळीनं मावल्या असत्या. माझ्या वहीत ते सहा सेंटिमीटर भरलं. सप्टेंबर २०२५ चं फुलपाखरू साधारण ५ लाख किलोमीटरचं.

मग नाव. हे पोरखेळ वाटत असेल तर ऐका. १९७३-७४ मध्ये स्कायलॅब या अवकाशस्थानकावरच्या क्ष-किरण दुर्बिणीनं करोनल होलचा पहिला सलग अभ्यास झाला. तेव्हा उत्तर ध्रुवापासून विषुववृत्ताच्या खालपर्यंत उतरलेलं एक लांबलचक होल फेरीमागून फेरी परत येत होतं. त्याला शास्त्रज्ञांनी ‘इटलीचा बूट’ म्हटलं, आणि त्याच नावानं ते संशोधनात राहिलं. ऑगस्ट १९९६ मध्ये असंच एक होल ‘हत्तीची सोंड’ म्हणून प्रसिद्ध झालं. नाव असलं की आकार डोक्यात राहतो, आणि आकार राहिला की बदल लक्षात येतो.

त्या बुटानं एक कोडं घातलं. सूर्य घन नाही. त्याचं विषुववृत्त साधारण २५ दिवसांत फिरतं, ध्रुवाकडचा भाग ३५ च्या आसपास घेतो. मग उत्तर-दक्षिण पसरलेला आकार दोनतीन फेऱ्यांत पिळवटून जायला हवा, ओल्या कापडासारखा. बूट पिळवटला नाही. तो जवळपास एकसंध, ताठ फिरत राहिला. होलची कड पृष्ठभागावरच्या वायूबरोबर वाहत नाही, ती मोठ्या चुंबकीय रचनेनं ठरते आणि रेषा तुटून-जुळून तिथल्या तिथं सावरत राहते, असं त्यातून उलगडत गेलं. तुमच्या वहीतही हे दिसू शकतं. उभं होल मिळालं तर भाग्य समजा आणि त्याची कड काळजीपूर्वक काढा.

माझ्या वहीत सध्या एक ‘कोयता’ आहे, एक ‘नथ’ आहे, आणि मागच्या पानांवर ‘घोरपड’ होती. तुम्हाला दिसेल ते लिहा.

चौथी पायरी: वारा कधी येईल ते मांडा

होल मधल्या उभ्या रेषेवर आलं की त्या तारखेला तांबडी खूण करा. सूर्य १५ कोटी किलोमीटरवर आहे. वारा सेकंदाला ६०० किलोमीटरनं निघाला तर अडीच लाख सेकंद, म्हणजे तीन दिवसांना थोडे कमी. ८०० नं निघाला तर सव्वादोनच्या आत, ४५० नं जवळपास चार. म्हणून तांबड्या खुणेपुढं दोन ते चार दिवसांचा पट्टा रंगवा. ध्रुवाला चिकटून बसलेल्या होलचा वारा बहुतेक वेळा आपल्या वरून-खालून निघून जातो. विषुववृत्ताजवळचं होल किंवा ध्रुवावरून खाली उतरलेली जीभ जास्त महत्त्वाची.

हा वारा पृथ्वीचं चुंबकीय कवच ढवळतो, त्यालाच चुंबकीय वादळ म्हणतात. मोठं होल म्हणजे मोठं वादळ, असं मात्र धरून चालू नका. डिसेंबर २०२३ च्या त्या साठ पृथ्व्यांच्या होलमधून आलेलं वादळ अपेक्षेपेक्षा सौम्य निघालं.

पाचवी पायरी: वारा पोचला का?

अमेरिकेच्या नोआ संस्थेच्या अवकाश हवामान केंद्राच्या पानावर सौरवाताचा थेट आलेख असतो. मोजणारी यानं पृथ्वीच्या अलीकडं, सूर्याच्या दिशेनं १५ लाख किलोमीटरवर एल-१ बिंदूपाशी असतात, जिथं यानाला पृथ्वीच्या बरोबरीनं सूर्याभोवती फिरत राहता येतं. तिथून इथं यायला वाऱ्याला पाऊण ते एक तास लागतो. आलेखात क्रम बघा. वेगवान वारा पुढच्या संथ वाऱ्याला मागून गाठतो आणि दाबतो, म्हणून आधी घनता उसळते आणि चुंबकीय क्षेत्र वाढतं. मग वेग हळूहळू, कधी दिवसभर चढत राहतो आणि घनता उतरते. सगळं एकाच क्षणी भिंतीसारखं उडालं असेल तर ते बहुधा होल नव्हे, सूर्यानं फेकलेल्या वायूचा लोट, सीएमई. वाऱ्यातल्या चुंबकीय क्षेत्राची उत्तर-दक्षिण दिशा दाखवणारी ‘बीझेड’ नावाची रेघ शून्याखाली, म्हणजे दक्षिणेकडं वळली तरच पृथ्वीचं चुंबकीय कवच जास्त ढवळतं. ही ढवळाढवळ मोजणारा केपी हा निर्देशांक ० ते ९ असतो, ५ पासून वादळ धरतात आणि त्याला जी-१ म्हणतात, ९ ला जी-५. होलची वादळं बहुधा जी-१, जी-२, क्वचित जी-३.

याच एल-१ पाशी ६ जानेवारी २०२४ पासून आपलं आदित्य-एल१ हे सूर्याचा अभ्यास करणारं यान आहे, आणि मला नेहमी विचारतात की पुण्याच्या आयुकानं बनवलेल्या सूट दुर्बिणीतून होल दिसतं का. नाही दिसत. सूट २०० ते ४०० नॅनोमीटरमध्ये बघते, तिला दिसतो तो पृष्ठभाग आणि त्यालगतचा थर, प्रभामंडळाच्या बराच खालचा. पण त्याच यानावरचं अहमदाबादच्या पीआरएलनं घडवलेलं अ‍ॅस्पेक्स उपकरण सौरवाताचे कण मोजतं. होल दिसलं नाही तरी त्याचा वारा आदित्यला लागतो.

जमिनीवरचा धागा अलिबागला आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहानं मोजमाप बिघडेल म्हणून नानाभाई मूस यांच्या काळात, १९०४ मध्ये, हे काम अलिबागला हलवलं. तिथं नोंदी आजही चालू आहेत, भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या देखरेखीखाली. होलचा वारा आला की अलिबागची रेघही हलते.

महाराष्ट्रातून या वाऱ्याचा ध्रुवीय प्रकाश मात्र दिसणार नाही. मे २०२४ मध्ये लडाखमधल्या हान्लेहून आकाशात तांबूस झाक टिपली गेली, पण ते जी-५ वादळ होतं आणि त्यामागं सीएमई होते. उत्तर नॉर्वे, आइसलंड, अलास्का इथं राहणाऱ्या किंवा सहलीला जाणाऱ्या मराठी माणसांना मात्र ही वही थेट कामाची. तिथं जी-१ देखील पुरतं, कधी त्याहून कमीही. तिकिटं आधी काढलेली असतील तर निदान रात्री निवडताना मागच्या फेरीचा तांबडा पट्टा बघा आणि त्यात सत्तावीस मिळवा. शक्य असेल तर मार्च किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर गाठा. दिवसरात्र समान असतात त्या सुमारास पृथ्वीचा कल असा असतो की त्याच ताकदीचा वारा जास्त ढवळाढवळ करतो.

सहावी पायरी: सत्तावीस दिवस थांबा

सूर्य २५ दिवसांत फिरतो तर सत्तावीस का? कारण तेवढ्यात पृथ्वीही आपल्या कक्षेत पुढं सरकलेली असते, आणि तिला पुन्हा समोर गाठायला सूर्याला थोडं जास्त फिरावं लागतं.

या आकड्यामागं चाळीस वर्षांची वाट पाहणी आहे. १९३० च्या दशकात जर्मनीच्या युलियस बार्टेल्सनं पृथ्वीवरच्या चुंबकीय नोंदी सत्तावीस-सत्तावीस दिवसांच्या ओळींत मांडल्या. एका ओळीखाली दुसरी. अस्वस्थ दिवस एकाखाली एक येऊ लागले, महिनोन्‌महिने. म्हणजे सूर्यावर काहीतरी टिकून होतं आणि दर फेरीला आपल्याकडं तोंड करत होतं. पण त्या जागी दुर्बिणीत डाग दिसेना, काहीच दिसेना. त्यानं त्या अदृश्य जागांना ‘एम प्रदेश’ असं नाव दिलं. १९५० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या मॅक्स वाल्डमायरनं प्रभामंडळातल्या रिकाम्या जागा हेरून त्यांना होल म्हटलं. या दोन गोष्टी एकच आहेत हे पक्कं व्हायला १९७३ उजाडलं, जेव्हा क्ष-किरण चित्रातलं एक होल आणि वेगवान वाऱ्याचा एक प्रवाह यांची गाठ बसली. बार्टेल्सकडं आकार नव्हते, फक्त तारखा होत्या. आपल्याकडं दोन्ही आहेत.

आत्ता सुरू करायला काळही अनुकूल आहे. सूर्याची चुंबकीय धामधूम साधारण अकरा वर्षांच्या चक्रात वाढते-ओसरते. त्यातलं पंचविसावं चक्र २०२४ मध्ये शिखराला पोचलं आणि आता उताराला लागलं आहे. उतारावरच विषुववृत्तापर्यंत उतरणारी, फेरीमागून फेरी परतणारी होल जास्त मिळतात. सूर्य अगदी शांत झाला की ती मुख्यतः ध्रुवांवर जाऊन बसतात.

तर तांबड्या खुणेपासून सत्ताविसाव्या दिवसाच्या आठवडाभर आधी डावी कड रोज बघायला लागा. आकार उगवू लागला की लगेच ठरवू नका. कडेवर तो चपटा दिसतो, समोरचा उजळ भाग त्याला झाकतो. तीनचार दिवस द्या. मध्याशी आला की जुन्या पानावर पातळ कागद ठेवून मागची रेघ उतरवा आणि नव्या वर्तुळावर धरा. जिथं कड सरकली असेल तिथं तांबड्यानं गिरवा. होल दोन तुकड्यांत फाटलं असेल तर त्या जागी मधल्या दिवसांत नवा सक्रिय प्रदेश उगवलाय का ते १७१ मध्ये बघा, बहुतेक वेळा तिथं कमानींचा एक झुबका उभा असतो. माझी घोरपड अशीच गेली. तिसऱ्या फेरीत शेपूट तुटली, चौथ्या फेरीत पोटात एक उजळ ठिपका होता, आणि पाचव्या वेळी त्या जागी ओळखू येईल असं काही उरलं नव्हतं. त्या वर्तुळात मी फक्त तारीख लिहिली आहे.